साठ युनिटांचा हिशेब

पाण्यावर गाडी चालवणारा कुणीतरी दर दोन-चार वर्षांनी बातमीत झळकतो. त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो आणि पेट्रोल कंपन्यांनी त्याचा शोध दडपून टाकला, अशी पुरवणीही त्याला जोडलेली असते. ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’ या हायड्रोजन गाडीतून संसदेत पोहोचले. गाडीच्या मागून धुराऐवजी पाणी टपकतं, ही गोष्ट त्या निमित्तानं घरोघरी गेली. मिराईतून पाणी बाहेर पडतं हे खरं, पण ती पाण्यावर चालत नाही. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. जळून गेलेल्या वस्तूचं पुन्हा इंधन करायचं तर ती जळताना जेवढी ऊर्जा मिळाली, तेवढी तरी तिच्यात परत घालावी लागते. व्यवहारात त्याहून बरीच जास्त लागते. हायड्रोजनच्या गाडीबद्दल जे जे बोललं जातं, त्यातलं निम्म्याहून अधिक या एका वाक्यात निकालात निघतं.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करू. ‘विजेची गाडी की हायड्रोजनची गाडी’ असा सामना लावला जातो, पण चाकं दोन्हीकडे विजेच्या मोटरनंच फिरतात. हायड्रोजन गाडीत फ्युएल सेल असतो. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन त्यात एकत्र येतात, वीज तयार होते आणि पाणी उरतं. विल्यम ग्रोव्ह या वेल्समधल्या वकील-वैज्ञानिकानं १८३९ मध्ये हे करून दाखवलं होतं. अपोलो यानांमध्ये अंतराळवीरांना वीज पुरवली ती फ्युएल सेलनीच, आणि त्यातून निघालेलं पाणी ते प्यायचेही. म्हणजे तंत्र जुनं आहे, सिद्ध झालेलं आहे. प्रश्न एवढाच की गाडीला लागणारी वीज सोबत न्यायची कशी? बॅटरीत भरून, की हायड्रोजनच्या रूपात टाकीत दाबून?

याचं उत्तर शोधायला महावितरणच्या बिलावरचं ‘युनिट’ हे माप पुरेसं आहे.

समजा आपल्याकडे साठ युनिट वीज आहे. छोट्या कुटुंबाला पंधरा-वीस दिवस पुरेल इतकी. ती इलेक्ट्रोलायझरला दिली तर पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. एक किलो हायड्रोजन मिळवायला पन्नास ते पंचावन्न युनिट खर्ची पडतात. हा वायू इतका हलका की साध्या दाबाखाली एका किलोला अकरा हजार लिटरहून अधिक जागा लागते. म्हणून तो सातशे बारपर्यंत, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या सातशे पट दाबाखाली टाकीत कोंबावा लागतो. उरलेली वीज या दाबण्यात आणि थंड करण्यात जाते. हाती आलेल्या त्या एका किलोत तेहतीस युनिट ऊर्जा असते. फ्युएल सेल तिच्यातली निम्मी किंवा थोडी जास्त विजेत बदलतो, बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून निघून जाते. मोटरपर्यंत पोहोचतात सतरा-अठरा युनिट, आणि त्यावर मिराईसारखी गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते.

आता तीच साठ युनिट वीज चार्जरमधून बॅटरीत भरू. चार्जिंगमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास घट धरली तरी चोपन्न युनिट उरतात. मध्यम आकाराची विजेची गाडी शंभर किलोमीटरला पंधरा युनिट खाते. म्हणजे साडेतीनशे किलोमीटर.

वीज तीच, रस्ता तोच आणि फरक तिपटीचा. विजेचा हायड्रोजन करायचा, हायड्रोजनची पुन्हा वीज करायची, हा प्रकार लासलगावचा कांदा वाशीच्या मार्केटला पाठवून परत लासलगावातच विकायला आणण्यासारखा आहे. प्रत्येक हाताला आपला वाटा हवा असतो. संशोधनानं हा वाटा कमी होईल, पण संपणार नाही, कारण त्यातला बराचसा भाग उष्मागतिकीच्या नियमांनी ठरवलेला आहे. त्या नियमांना अनुदान देता येत नाही.

मग शहाण्यासुरत्या माणसांनी, मोठमोठ्या कंपन्यांनी हायड्रोजनवर एवढा पैसा का लावला? त्यांना हा हिशेब येत नव्हता असं नाही. वर्ष लक्षात घेतलं की त्यांचं म्हणणं पटू लागतं. २००१ मध्ये बेंगळुरूची ‘रेवा’ बाजारात आली तेव्हा तिच्या पोटात शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि एका चार्जमध्ये ती ऐंशी किलोमीटरच्या आसपास जायची. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्येच विकायला आणली होती, पण तिचं काम व्हिडिओ कॅमेरा आणि मोबाइलपुरतं होतं. गाडीभर लिथियम बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीएवढी बॅटरी. अशा काळात, जानेवारी २००३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी हायड्रोजन गाड्यांच्या संशोधनासाठी १.२ अब्ज डॉलरची घोषणा केली. तेव्हा ती वेडगळ नव्हती. तेल आयात करणाऱ्या आणि स्वतः गाड्या बनवणाऱ्या जपानलाही हाच रस्ता दिसला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मिराई विक्रीला आली.

दरम्यान मोबाइल आणि लॅपटॉपनी बॅटरीचे कारखाने पोसले होते. चीननं त्यात सरकारी पैसा ओतला. ब्लूमबर्ग एनईएफ ही संस्था दरवर्षी बॅटरीचे भाव नोंदवते. तिच्या आकड्यांनुसार एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरी पॅकचा भाव २०१० मध्ये हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. हायड्रोजनवाल्यांचा अंदाज रसायनात चुकला नव्हता, भावात चुकला. २०२४ या एका वर्षात जगात बॅटरीच्या (प्लग-इन हायब्रिड धरून) १ कोटी ७० लाखांवर मोटारी खपल्या. फ्युएल सेलच्या गाड्या आजवरच्या सगळ्या मोजल्या तरी जेमतेम लाखाच्या घरात आहेत.

हायड्रोजनच्या बाजूनं उरतो तो वेळेचा मुद्दा, आणि तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. मिराईची साडेपाच किलोची टाकी पाच मिनिटांत भरते. पुण्या-मुंबईत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गाडी रस्त्याच्या कडेला लावणाऱ्या माणसाला बॅटरीची गाडी चार्ज करायची कुठे हा प्रश्न खराच पडतो. त्याला पेट्रोल पंपासारखा हायड्रोजन पंप मिळाला तर तो आनंदानं जाईल. पण तो पंप उभा करून चालवायचा म्हणजे काय, हे कॅलिफोर्नियात पाहायला मिळालं. सातशे बारनं वायू भरताना टाकी तापते, म्हणून तो आधी उणे चाळीस अंशांपर्यंत थंड करावा लागतो. त्यामुळे नोझल गाडीला गोठून चिकटतं. पाच मिनिटांचा वेळ पहिल्या काही गाड्यांसाठी खरा. रांग लागली की दाब पुन्हा चढेपर्यंत थांबावं लागतं. जून २०१९ मध्ये सांता क्लारा इथल्या हायड्रोजन प्रकल्पात स्फोट झाला आणि सान फ्रान्सिस्कोच्या परिसरातले पंप पुढे कित्येक आठवडे कोरडे किंवा अर्धे कोरडे राहिले. त्याच महिन्यात नॉर्वेत ओस्लोजवळ एक पंपच उडाला. पुढे कॅलिफोर्नियात हायड्रोजनचा भाव किलोला ३६ डॉलरवर गेला. म्हणजे टाकी भरायला दोनशे डॉलर. टोयोटा ग्राहकांना १५,००० डॉलरचं इंधन फुकट देत होती, तरी लोक वैतागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलनं तिथले आपले मोटारींसाठीचे सातही पंप बंद केले.

स्फोटाचा उल्लेख केला म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. देशात त्या सुमारास अशा घटना लागोपाठ घडल्या आणि सरकारला बॅटरीचे सुरक्षा नियम कडक करावे लागले. ऊर्जा दाटीनं भरलेली कुठलीही वस्तू धोकादायकच असते, पेट्रोलची टाकीसुद्धा. या मुद्द्यावर कुणा एकाला नापास करता येत नाही.

दुचाकी आणि रिक्षांबद्दल फार लिहायची गरजच नाही. लहानशी बॅटरी, घरातलं किंवा दुकानातलं सॉकेट, रात्रभराचा वेळ. इलेक्ट्रिक तीनचाकींच्या विक्रीत २०२३ मध्ये भारत चीनला मागे टाकून पहिला आला. तिथे सातशे बारची टाकी कुणी सुचवतही नाही. शहरातल्या बसचंही तेच. रोजचा मार्ग ठरलेला, रात्री मुक्काम डेपोत. पुण्यात पीएमपीच्या विजेच्या बस २०१९ पासून धावताहेत, मुंबईत बेस्टनं २०२३ मध्ये डबलडेकरही विजेची आणली.

खरी झुंज आहे ती ट्रकची.

चाळीस टनांचा कंटेनर ओढणारा ट्रक किलोमीटरला सव्वा युनिटाच्या आसपास वीज घेतो. पाचशे किलोमीटरसाठी सहाशेहून जास्त युनिटांची बॅटरी लागते आणि तिचं वजन चार टनांच्या आसपास भरतं. ट्रकमालकाला मालाचं भाडं मिळतं, बॅटरीचं नाही. तेवढ्याच अंतराला हायड्रोजन पुरतो चाळीस किलो, आणि टाक्यांसकट वजन टनाच्या आतच राहतं. सप्टेंबर २०२३ मध्ये जर्मनीत डाइमलरच्या हायड्रोजन ट्रकनं एका भरणीत १,०४७ किलोमीटर अंतर कापलं. त्यासाठी हायड्रोजन उणे २५३ अंशांना द्रवरूप करून भरला होता. हा विक्रम प्रभावी आहेच. पण त्याच डाइमलरनं पाचशे किलोमीटर जाणारा बॅटरीचा ट्रक विकायला सुरुवात केली आणि हायड्रोजन ट्रकचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन २०३० नंतरच्या दशकावर ढकललं. इथेही पुन्हा तोच हिशेब आडवा येतो. चाळीस किलो हायड्रोजनमागे चोवीसशे युनिट, बॅटरीला सातशे. आठ रुपये युनिट धरलं तर एकोणीस हजार दोनशे रुपये विरुद्ध पाच हजार सहाशे. मोटारीचा हौशी मालक असा फरक सोसेलही. वाहतूकदार सोसत नाही, तो डिझेलचा पैसा न् पैसा मोजत असतो. चार टनांचं भाडं बुडालं तरी रोजचे तेरा-चौदा हजार वाचत असतील, तर तो कुठे वळेल हे सांगायला नको.

घाटाचा विचार करा. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची कमी होते. चाळीस टनांचा ट्रक एवढं उतरताना साठ युनिटांएवढी ऊर्जा सोडतो. डिझेल ट्रक ती ब्रेक आणि इंजिन तापवून उधळतो. बोरघाटात ब्रेक निकामी होऊन होणारे अपघात आपल्याला नवे नाहीत. विजेच्या ट्रकची मोटर उतारावर जनित्र होते आणि घर्षणाची वजावट करूनही तीस-चाळीस युनिट बॅटरीत परत येतात. फ्युएल सेल उलटा चालवून टाकीत हायड्रोजन भरता येत नाही. म्हणून हायड्रोजन ट्रकलाही सोबत बॅटरी ठेवावी लागते, आणि ती छोटी नसते. स्वित्झर्लंडमध्ये २०२० पासून धावणाऱ्या ह्युंदाईच्या हायड्रोजन ट्रकमध्ये सत्तरहून अधिक युनिटांची बॅटरी आहे, विजेच्या बऱ्याच मोटारींत असते तिच्याहून मोठी. फ्युएल सेल, जाड टाक्या आणि वर बॅटरी! एवढं सगळं एका ट्रकमध्ये बसवण्यापेक्षा बॅटरीच मोठी घ्यावी, असं मला वाटतं.

चार्जिंगच्या वेळेवरही उपाय निघताहेत. युरोपात चालकाला साडेचार तासांनी पाऊण तास थांबण्याची सक्ती आहे, आणि तेवढ्यात मोठ्या चार्जरनं ट्रक बराचसा भरता येतो. चीननं रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवण्याचा मार्ग धरला. न्हावा-शेवा बंदरातही २०२५ मध्ये असे बॅटरी बदलता येणारे ट्रक दाखल झाले. बंदराच्या कामाला ते चपखल बसतात. फेरी छोटी, परतण्याचं ठिकाण ठरलेलं.

आपल्याकडे हायड्रोजनवरही काम चालू आहे आणि त्यात पुणे पुढे आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल आणि केपीआयटी ही कंपनी यांनी २०२० मध्ये देशी फ्युएल सेलवरची मोटार चालवून दाखवली, ऑगस्ट २०२२ मध्ये बसचं अनावरण झालं. टाटा मोटर्सनं मार्च २०२५ मध्ये सोळा हायड्रोजन ट्रकची दोन वर्षांची चाचणी सुरू केली, त्यात मुंबई-पुणे परिसरातले मार्गही आहेत. या संशोधनाला मी वायफळ म्हणणार नाही. देशी बनावटीचा फ्युएल सेल उद्या डिझेल जनरेटरच्या जागी उभा राहू शकतो. तो ट्रकमध्येच बसला पाहिजे असा हट्ट नको, एवढंच.

या सगळ्या भांडणात तिसऱ्याचं नाव कुणी घेत नाही. ते म्हणजे तार. वीज साठवून सोबत नेण्यापेक्षा डोक्यावरच्या तारेतून थेट घेणं सगळ्यांत किफायतशीर, आणि मुंबईत आगगाडी तशी धावते आहे ३ फेब्रुवारी १९२५ पासून. ब्रॉडगेजचं विद्युतीकरण देशभर जवळजवळ पूर्ण होत आलेलं असताना रेल्वेनं हरियाणात जिंद-सोनीपत मार्गासाठी हायड्रोजन गाडी तयार केली. ‘हायड्रोजन फॉर हेरिटेज’ या योजनेत माथेरानच्या छोट्या गाडीचंही नाव आहे. एकेका गाडीचा अंदाजे खर्च ऐंशी कोटी रुपये. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यानं २०२२ मध्ये एका पूर्ण मार्गावर हायड्रोजनच्या चौदा गाड्या आणल्या, जगभर कौतुक झालं, आणि पुढच्याच वर्षी यापुढे बॅटरीच्या गाड्या घेणार असं जाहीर केलं. कारण दिलं चालवण्याच्या खर्चाचं. उलट कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रकच वॅगनवर चढवून नेते. आता तो मार्ग पूर्ण विजेवर आहे. म्हणजे डिझेलचा ट्रक बॅटरीशिवाय आणि हायड्रोजनशिवाय विजेवर गोव्याला पोहोचतो. लांब पल्ल्याच्या मालासाठी मला हा पर्याय दोन्ही स्पर्धकांपेक्षा सरस वाटतो, फक्त त्याचं उद्घाटन फारसं चमकदार होत नाही.

बॅटरीच्या बाजूनं लिहिणाऱ्यानं दोन गोष्टी लपवू नयेत. पहिली, आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. एका युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या हिशेबानं बॅटरीची मोटार किलोमीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पडते, पेट्रोलच्या गाडीहून थोडीशीच बरी. जसजशी सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढेल तसतशी ती आपोआप सुधारेल. पण याच विजेपासून हायड्रोजन बनवला तर आकडा जातो चारशे ग्रॅमच्या घरात, म्हणजे पेट्रोलहून कितीतरी वाईट. दुपारच्या जादा सौरविजेवर तो बनवू, हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. पण महागडा इलेक्ट्रोलायझर दिवसाला चार-पाच तासच चालवला तर त्याचं भांडवल सुटत नाही.

दुसरी गोष्ट चीनची. लिथियम शुद्ध करण्यापासून सेल बनवण्यापर्यंत सगळ्या साखळीवर त्या देशाची पकड आहे. काँगोच्या खाणीतल्या कोबाल्टचा प्रश्न लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांनी बराच सोडवला, कारण त्यांत कोबाल्ट लागतच नाही. पण चीनवरचं अवलंबित्व त्यानं वाढलंच. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांची निर्यात आवळली तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ उडाली. हायड्रोजन यातून सुटका करील असं काहीजण म्हणतात. करणार नाही, कारण मोटर दोन्हीकडे एकच आणि चुंबकही तेच. वर फ्युएल सेलला प्लॅटिनम हवं.

मग हायड्रोजनचं काय करायचं? त्याला काम आहे आणि ते पंपावर नाही. जगात २०२३ मध्ये साधारण ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन तयार झाला. त्यातला स्वच्छ मार्गानं बनलेला एक टक्काही नव्हता. बाकीचा नैसर्गिक वायू आणि कोळशापासून, आणि वायूच्या मार्गानं एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सोडून. भारत वर्षाला सुमारे पन्नास लाख टन वापरतो, तो मुख्यतः तेल शुद्धीकरणात आणि खतांत. अलिबागजवळ थळला आरसीएफच्या कारखान्यात युरियासाठी अमोनिया बनतो, त्यातला हायड्रोजन नैसर्गिक वायूतूनच येतो. तिथे बॅटरी उपयोगाची नाही, तारही नाही. तिथे हायड्रोजनच लागतो. पोलाद बनवताना कोळशाच्या जागी तो वापरता येतो. दूरच्या जहाजांना त्यापासून बनवलेली इंधनं उपयोगी पडतील. ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटी रुपये दिले आहेत, आणि तेव्हा २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्यातला पहिला किलो थळला, ट्रॉम्ब्याला, पोलादाच्या भट्टीला गेला पाहिजे. मोटारीच्या टाकीची पाळी सगळ्यांत शेवटी.

‘थोडं थांबू, हायड्रोजनच्या गाड्या येताहेत’ असं म्हणून कुणी खरेदी लांबवत असेल, तर त्यानं थांबू नये. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटरसकट एक सॉकेट मिळतं का, हे आधी बघावं. मिळत नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत तो विषय मांडावा. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही.